अलगीकरणाची खोली



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी संप, बोनस, कायदे यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय निवडला आहे तो इस्पितळातल्या एका खोलीचा. साथीच्या रोग्याला इतरांपासून वेगळे ठेवण्यासाठी जी खोली लागते ती कशी असावी, ती बांधण्याची विद्या कसकशी वाढत गेली आणि ती विद्या हाती नसताना आपल्या मुंबई-पुण्यात काय रामायण घडले, हे मी आज सांगणार आहे. मी डॉक्टर नाही आणि इंजिनिअरही नाही. इस्पितळांतील वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार यांच्या संघटनेचे काम पंचवीसेक वर्षे करीत आलो आहे. या मंडळींना त्या खोलीत दिवसातून दहा वेळा जावे लागते, म्हणून ती खोली समजून घेणे मला भाग पडले. जे समजले ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून. समजल्यावर असे दिसले की, हा विषय आमच्या चळवळीच्या बाहेरचा मुळीच नाही.

अंतर हेच औषध

रोग्याला दूर ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. एड्रियाटिक समुद्रकाठच्या रागुसा या शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस झाले. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून ‘क्वारंटीन’ हा शब्द आला. १४२३ साली व्हेनिसने एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचे इस्पितळ उभारले. या साऱ्या व्यवस्थेत अंतर हेच औषध होते. माणूस दूर नेऊन ठेवला की काम झाले. त्याच्या खोलीला खिडकी कोठे असावी, आतला वारा कोणीकडे जावा, त्याची शुश्रूषा करणाऱ्याचे काय व्हावे, याचा विचार त्यात नव्हता. आणि गंमत अशी की, पुढे जवळजवळ पावणेपाचशे वर्षांनी मुंबईत प्लेग आला, तेव्हाही राज्यकर्त्यांच्या हाती यापेक्षा फारसे वेगळे काही नव्हते.

मांडवी ते आर्थर रोड

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी ग्रंथिक ज्वर ओळखला आणि हा प्लेग आहे असे निर्भयपणे सांगितले. मांडवी म्हणजे बंदराजवळची वस्ती. धान्याची कोठारे, गोण्यांच्या थप्प्या आणि त्यांवर पोसलेले उंदीर. ऑक्टोबरच्या आरंभी म्युनिसिपल कमिशनरांनी जाहीरनामा काढून रोग्याला सक्तीने इस्पितळात हलविण्याचा अधिकार घेतला. इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचे सांसर्गिक रोगांचे इस्पितळ, ज्याला आज आपण कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखतो. ते होते गिरणगावाच्या अगदी कुशीत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले.

या घटनेकडे ‘अडाणी लोकांचा दंगा’ म्हणून पाहण्याची रीत आहे. आपण जरा त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहू. प्लेग झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे त्या काळी दगावत असत. तेव्हा शेजारच्या बिऱ्हाडातून ज्याला डोलीत घालून नेले, तो बहुधा परत येत नसे. आत त्याचे काय चालले आहे, हे घरच्यांना दिसत नसे. मेला तर त्याची क्रिया कोणी केली, केली की नाही, हे कळत नसे. बायकांना परक्या पुरुषांनी हात लावून तपासावे, जातीबाहेरच्याने अन्नपाणी द्यावे, ही गोष्ट त्या काळच्या लोकांना मरणाइतकीच वाईट वाटे. मागे राहिलेल्या बिऱ्हाडाचे कपडे, अंथरूण-पांघरूण जाळले जाई, आणि मजुरी बुडे ती वेगळीच. अशा बंद दाराआड काय होते, याबद्दल लोक कल्पना लढवितात. इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगातून ‘मोमिआई’ काढतात, अशी अफवा मुंबईत पसरली होती. अफवा खोटी होती. पण जिथे आत पाहण्याची सोय नाही तिथे अफवा वाढणारच. हल्ल्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली. पुढे निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग-इस्पितळे काढली. तिथे आपली माणसे आत-बाहेर करीत, त्यामुळे लोक रोग्याला तिकडे नेऊ लागले.

तरीही सरकार पुरते शहाणे झाले नव्हते. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत जुलाहा विणकरांच्या वस्तीत रोगी मुलीला तपासण्यावरून दंगा झाला, गोळीबार झाला, आणि त्यामागोमाग गोदीतल्या मजुरांनी व गाडीवाल्यांनी काम बंद ठेवले. कामगार आपल्या श्रमाचे हत्यार रोग्याच्या हक्कासाठी उचलतो, याचे हे एक जुने उदाहरण आहे.

याच साथीत आमच्या चळवळीचा मूळपुरुष गेला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली. प्लेगच्या दिवसांत ते मुंबई सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगानेच वारले. सुमारे एक महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे पोचल्या, आणि त्यांना प्लेग झाला. ज्या माळावर हे इस्पितळ होते तिथे भिंती काय असणार? पण तिथे लोक आपण होऊन जात होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुण्यात सरकारी व्यवस्था होती ती रँडसाहेबाची. गोरे सोल्जर घरात शिरत, देवघर-माजघर धुंडाळीत, रोगी इस्पितळात आणि त्याचे नातलग सेग्रिगेशन कँपात पाठवीत. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे या शहरात निराळे सांगण्याची गरज नाही.

रोगाची वाट

आता या सगळ्या कहाणीतली मर्माची गोष्ट सांगतो. पोल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखविले की, ग्रंथिक प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो. प्लेगचा विकार फुप्फुसात उतरला तर तो खोकल्यावाटे माणसाकडून माणसाला होतो. पण गाठीचा प्लेग तसा सहसा होत नाही. म्हणजे आर्थर रोडला ज्यांना ओढून नेले, त्यांतल्या बहुतेकांपासून शेजाऱ्याला धोका नव्हता. धोका होता तो त्यांच्या खोलीखालच्या उंदरांपासून, आणि ते उंदीर चाळीतच राहिले. उलट, गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायला जाण्याचा जो उपाय पुष्कळ गावांनी केला तो लागू पडला, कारण त्यात निरोगी माणूस उंदरांपासून दूर गेला.

यातून अलगीकरणाच्या खोलीचा पहिला नियम निघतो. रोग कोणत्या वाटेने जातो हे आधी कळले पाहिजे. खोली मागाहून बांधावी. पाण्यावाटे जाणारा पटकी, स्पर्शाने जाणारी खरूज आणि हवेवाटे जाणारा गोवर या तिघांना एकच खोली चालत नाही. पटकीला संडास आणि हात धुण्याची सोय हवी. गोवराला हवेचा बंदोबस्त हवा.

खिडकी, काच आणि गिनीपिग

युरोपात ही विद्या हळूहळू वाढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली इस्पितळांवर पुस्तक लिहिले. लांबट वॉर्ड, उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि खाटांमध्ये पुरेसे अंतर, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडच्या जुन्या सरकारी इस्पितळांची बांधणी पाहिली तर हीच तऱ्हा दिसेल. बाईंचा जंतूंवर तेव्हा विश्वास नव्हता. घाण हवेने रोग होतो असे त्या मानीत. कारण चुकले, पण खिडकी बरोबर ठरली.

पुढे जंतूंचा शोध लागला. पॅरिसमधील मुलांच्या इस्पितळात गोवराचे मूल आले की शेजारच्या खाटेवरच्या मुलाला गोवर होई. डॉ. ग्रांशे यांनी एकेका खाटेभोवती जाळीचे पडदे उभे केले आणि आत जाणाऱ्या परिचारिकेने अंगरखा बदलून हात धुवावेत असा नियम घातला. १९०० साली पॅरिसला पाश्चर इस्पितळ उघडले, त्यात प्रत्येक रोग्याला स्वतंत्र, काचेच्या भिंतीची खोली दिली. काच यासाठी की, परिचारिकेला आत न जाताही रोगी दिसावा आणि रोग्यालाही माणसे दिसावीत. आर्थर रोडच्या दंग्यानंतर चारच वर्षांनी ही खोली उभी राहिली, ही गोष्ट मला नेहमी आठवते.

त्यानंतर काही काळ लंबक दुसऱ्या टोकाला गेला. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहराचे आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी १९१० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, हवेचा बाऊ करण्याचे कारण नाही, हात स्वच्छ ठेवा म्हणजे झाले. हात धुण्याचा त्यांचा उपदेश सोन्यासारखा होता. पण त्यापायी हवेचा विचार बराच काळ मागे पडला. तो पुन्हा पुढे आणला विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली या दोघांनी. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरच्या एका इस्पितळात त्यांनी सहा खाटांचा क्षयाचा वॉर्ड घेतला. त्या वॉर्डातली सारी हवा नळांतून वरच्या मजल्यावर नेली आणि तिथे सरासरी १५६ गिनीपिग ठेवले. या प्राण्यांचा रोग्यांशी संबंध एवढाच, की ते त्यांची हवा श्वासात घेत. दोन वर्षांत ७१ गिनीपिगांना क्षयाची लागण झाली. त्या हवेवर अतिनील किरण सोडून ती दुसऱ्या दालनातील गिनीपिगांना दिली, तेव्हा त्यांना लागण झाली नाही. क्षय हवेतून जातो याबद्दल यानंतर शंकेला जागा राहिली नाही.

दुसरी घटना १९७० सालची, पश्चिम जर्मनीतील मेशेडे या गावची. पाकिस्तानातून परतलेल्या एका तरुणाला विषमज्वर समजून इस्पितळात तळमजल्यावर वेगळ्या खोलीत ठेवले. त्याला निघाल्या देवी. खोली वेगळी होती, दार बंद होते. तो स्वतः बाहेर आला नव्हता. तरी पुढे १९ जणांना देवी आल्या, आणि त्यांतले काही वरच्या मजल्यांवरचे होते. त्याचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते. तज्ज्ञांनी त्या खोलीत धूर करून पाहिला. धूर जिन्याने वर चढला, आणि अर्धवट उघड्या खिडकीतून बाहेर पडून भिंतीला धरून वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून आत शिरला. भिंत होती, दार होते. वाऱ्याला मात्र कोणी विचारले नव्हते.

वाऱ्याला दिशा देणे

म्हणून आजची अलगीकरणाची खोली ही वाऱ्याला दिशा देणारी खोली असते. तत्त्व साधे आहे. स्वयंपाकघरात धूर बाहेर ओढणारा पंखा लावला की माजघरातली हवा स्वयंपाकघराकडे येते आणि फोडणीचा खकाणा माजघरात जात नाही. तसेच इथे. खोलीत जेवढी हवा सोडायची, तिच्याहून थोडी जास्त ओढून बाहेर टाकायची. मग दाराच्या फटीतून हवा नेहमी आत येईल, बाहेर जाणार नाही. अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राच्या नियमाप्रमाणे नव्या खोलीत दर तासाला निदान १२ वेळा हवा बदलली पाहिजे. त्या गतीने हवेतला ९९ टक्के दोष सुमारे २३ मिनिटांत निघून जातो. सहा वेळाच बदलली तर ४६ मिनिटे लागतात. रोगी हलविल्यावर झाडू-फडके घेऊन आत जाणाऱ्या बाईने किती वेळ थांबावे, याचा हिशेब या आकड्यांत आहे. तो तिला कोणी सांगत नाही.

बांधणीतले बारकावे पुष्कळ आहेत. मुख्य तेवढे सांगतो. ताजी हवा दाराच्या बाजूने यावी आणि रोग्याच्या डोक्याजवळून ओढली जावी, म्हणजे काम करणारा माणूस स्वच्छ हवेच्या बाजूस राहतो. ओढलेली हवा छपरावर, माणसांपासून आणि दुसऱ्या खिडक्यांपासून दूर सोडावी. ते जमत नसेल तर बारीक गाळणीतून काढावी. छताला, विजेच्या नळ्यांभोवती, खिडकीच्या चौकटीला फटी राहू देऊ नयेत, नाहीतर पंखा हवा भलतीकडूनच ओढतो. संडास-मोरी आतच असावी. दाराबाहेर कपडे बदलण्याची लहान खोली असावी. दार आपोआप मिटावे, आणि दाराला काच असावी. आग लागली तर रोग्याला बाहेर कसे काढायचे, तेही नकाशावरच ठरले पाहिजे. एप्रिल २०२१ मध्ये विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीची आठवण आपणा सर्वांना आहे.

याच्या उलटही एक खोली असते. ज्याची प्रतिकारशक्ती गेली आहे अशा रोग्याला बाहेरच्या जंतूंपासून जपायचे असते. तिथे हवा आतून बाहेर वाहते. या दोन खोल्यांची गल्लत झाली तर अनर्थ होतो.

आणि एक मोठा गैरसमज आहे तो एअरकंडिशनरचा. भिंतीवरचा साधा एअरकंडिशनर खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. थंड वाटते म्हणून ती ताजी असते असे नाही. मी एका इस्पितळात पाहिले आहे: क्षयाच्या रोग्यांच्या खोलीत एअरकंडिशनर बसविला, त्यासाठी खिडक्या कायमच्या बंद केल्या, आणि हवा बाहेर टाकणारा पंखा लावला तो बोळात तोंड करून. त्या बोळात बाकावर आया डबा खात असत. आमच्या एका सभासद बाईने दारापाशी उदबत्ती धरून धूर कोणीकडे जातो ते व्यवस्थापकांना दाखविले, तेव्हा पंख्याचे तोंड बदलले. चाचणी एवढी सोपी आहे. कागदाची बारीक पट्टी दाराच्या फटीशी धरली तरी कळते.

पैसे नसतील तिथे काय करावे? पेरू देशातील लिमा शहरात आठ इस्पितळांतल्या ७० खोल्या मोजून २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या, पन्नास वर्षांहून जुन्या खोल्यांत खिडक्या-दारे उघडल्यावर ताशी ४० वेळा हवा बदलत होती. नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ साली खिडकी-वाऱ्याच्या सोयीला मान्यता दिली. अर्थात वारा पडला की ती सोय थांबते आणि वाऱ्याची दिशा आपल्या हाती नसते. मेशेडेचा धडा विसरून चालणार नाही. पण जुना दगडी वॉर्ड पाडून बुटक्या छताची, बंद खिडक्यांची इमारत बांधणे म्हणजे प्रगतीच, असे धरून चालू नये.

आत कोण जातो?

१९९० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये औषधांना दाद न देणारा क्षय इस्पितळांतून पसरला. परिचारिका गेल्या, तुरुंगाचे पहारेकरी गेले. तेव्हा तेथील कामगार संघटनांनी १९९३ साली सरकारकडे क्षयापासून संरक्षणाचा कायदेशीर नियम मागितला. १९९७ साली मसुदा निघाला आणि २००३ च्या अखेरीस सरकारने तो मागे घेतला. ते वर्ष सार्सचे होते. त्या साथीत जगभर ८,०९६ रोगी नोंदले गेले, त्यांपैकी १,७०६ जण आरोग्यसेवेतले होते. पाचात एक! खोली चुकली तर पहिली किंमत कोण देतो, ते या आकड्यात दिसते.

२०२० च्या मार्चात कोरोना आला. ९ मार्चला महाराष्ट्रातले पहिले रोगी आपल्या पुण्याच्या नायडू रुग्णालयात दाखल झाले. मुंबईत पहिला भार घेतला तो कस्तुरबाने, म्हणजे त्याच आर्थर रोडच्या इस्पितळाने. कायदाही तोच लागू झाला, १८९७ चा. रेल्वेच्या कारखान्यांतील कामगारांनी पाच हजारांहून अधिक डबे अलगीकरणासाठी तयार केले: मधला बर्थ काढला, एका शौचालयाची मोरी केली, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावली. एअरकंडिशनरचे डबे घेतले नाहीत, हे शहाणपणाचे. २०२१ साली नंदुरबारला असे डबे प्रत्यक्ष वापरले गेले. आणि धारावीत, दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे आणि सामायिक संडास, तिथे ‘घरीच वेगळे राहा’ हा उपदेश फोल होता. म्हणून शाळा, क्रीडासंकुले ताब्यात घेऊन लोकांना तिथे ठेवावे लागले. लोक गेले, कारण जेवण होते, डॉक्टर होते, आणि हातातल्या मोबाइलवर घरच्यांशी बोलता येत होते. १८९६ आणि २०२० यांत लोक बदलले त्याहून अधिक दाराआडची परिस्थिती बदलली होती, असे मला वाटते.

मात्र खोलीत जाणाऱ्या कामगाराचा प्रश्न शिल्लकच आहे. आज अनेक इस्पितळांत सफाईचे काम ठेकेदाराकडे असते. आत जाणाऱ्या बाईला पंखा कशासाठी आहे हे सांगितलेले नसते, म्हणून आवाज होतो किंवा वीज वाचते म्हणून तो बंद केला जातो. दार उघडे राहते, कारण दोन्ही हातांत बादल्या असतात. आजारी पडली तर तिचा रोज बुडतो, म्हणून ती खोकला लपवून कामावर येते. अशा वेळी लाखो रुपयांची खोली व्यर्थ जाते. आमच्या मागण्या साध्या आहेत: आत जाणाऱ्या प्रत्येकाला खोलीचे काम समजावून सांगावे, चेहऱ्याला नीट बसणारा मास्क द्यावा, हवेच्या दिशेची चाचणी रोज करून वहीत लिहावी, आणि ती वही कामगारांना पाहता यावी, आणि आजारपणाची रजा पगारी असावी, मग कामगार ठेक्यावरचा असो की कायमचा.

नागरिक म्हणून आपणही काही करू शकतो. आपल्या गावचे इस्पितळ बांधले जात असेल, जुने पाडले जात असेल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. या खोलीतला वारा कोठून कोठे जातो? आत कोण जातो आणि त्याच्या रक्षणाची काय व्यवस्था आहे? आणि आतल्या माणसाला बाहेरची माणसे, बाहेरच्यांना आतला माणूस, दिसतो की नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंजिनिअर देईल. उरलेल्या दोघांची उत्तरे आपण मागितल्याखेरीज मिळत नाहीत, असा माझा आजवरचा अनुभव आहे.